पापडांचं ऊन

नव्वद साल अजून उजाडायचं होतं. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल उभं राहत होतं आणि साइट इंजिनियर म्हणून ते एकटीने सांभाळायचं, हे माझं पहिलंच काम. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या आमच्या घरातून मी रोज मान ताठ करून निघायचे.

ऑपरेशन थिएटरची भिंत शेजारच्या इमारतीला जवळजवळ चिकटून होती. नकाशात लिहिलं होतं, बाहेरून प्लास्टरचे दोन थर. अहो, त्या फटीत माझा हात जेमतेम जायचा, गवंडी कुठून शिरणार? नकाशा काढणाऱ्यांनी जागा नीट पाहिलीच नव्हती. विटा उघड्या राहिल्या की पावसाळ्यात आत ओल येणार. ओल दिसली तर थिएटर उघडणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मी उपाय काढला. फटीच्या डोक्यावर पत्र्याची पन्हळ बसवायची, एक कड आमच्या भिंतीत, दुसरी शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर. पाणी सरळ रस्त्याकडे जाईल. ती गच्ची एका सिंधी अम्मांची. तिथे त्यांचे पापड वाळत. त्यांनी मला बसवलं, पापड आणि पाणी पुढे केलं, आणि कठड्यात खिळा ठोकायला साफ नकार दिला. मी चिडून पेशंट, जंतू, माणुसकी सगळं काढलं. त्यांनी आणखी एक पापड दिला. पुन्हा गेले, पुन्हा पापड, पुन्हा नकार. शेवटी डोकं शांत ठेवून विचारलं, तुमची अडचण तरी काय आहे?

त्यांनी वर बोट दाखवलं. आमच्या पाण्याच्या टाकीसाठी नुकत्याच उभ्या केलेल्या खांबांची सावली पापडांवर आडवी पडली होती.

"तुम्हारी टंकी मेरी धूप खाएगी, बेटी."

मला हसूच फुटलं. थिएटरच्या डोक्यावर पाण्याची टाकी मलाही कुठे हवी होती? जिन्याचे खांब तेवढं वजन पेलतात याची खात्री करून घेतली आणि ते नवे खांब काढून टाकीची जागा तिकडे, जिन्यावर हलवली. पत्रा बसवताना अम्मा स्वतः कठड्याशी उभ्या राहून कारागिरांना सूचना देत होत्या.

मग टँकर मागवून फटीवर मनसोक्त पाणी सोडलं. आत डॉक्टर भिंत बोटांनी चाचपत होते. तेवढ्यात अम्मा आल्या, भिंतीला पाठ लावून ऐसपैस टेकल्या आणि मग आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. गुलाबी ओढणीवर चुन्याची भुकटी होती, कोरडी ठणठणीत.

"सोमवारपासून थिएटर सुरू," डॉक्टर म्हणाले.

मी अम्मांना मिठी मारली आणि चुन्याने पांढरी झाले.