लेंटमधलं मटण

आमच्या गल्लीतल्या सावजी भोजनालयात दर शुक्रवारी दुपारी एक काका यायचे. गळ्यात क्रूस, सोबत एक म्हातारा मित्र. ताटं आली की काका डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मित्र घास हातात धरून थांबायचा. मग दोघंही नाक पुसत मटण हाणायचे.

यंदा ख्रिस्ती लोकांचा लेंटचा उपास सुरू झाला, तरी काका हजर. मी थट्टेनं विचारलं, "काका, ईस्टरपर्यंत मटण बंद असतं ना?"

"हाव गा. पण बायको गेल्यापासून हा एकटा जेवत नाही. उद्या येशूनं विचारलं, तुहा दोस्त काहून उपाशी राह्यला, त काय सांगू? माहा उपास होता म्हणून?"

त्यांनी आपल्या ताटातली मटणाची नळी मित्राच्या ताटात सरकवली. तो अजून घास हातात धरून बसला होता. माझ्या बोलण्यात काकांची प्रार्थना राहिली होती.