शिवलकर सरांनी काढलेला पॉइंट

डॉ. विनीत शिवलकर, वय बावन्न, सहयोगी प्राध्यापक, गणित विभाग. संशोधनाची क्षेत्रे: संमिश्र भूमिती, गणितीय विश्लेषण आणि व्यस्त समस्या. विशेष योगदान: एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागावर विजेची मोजमापे घेऊन, ती वस्तू न फोडता, तिच्या पोटात काय आहे ते निश्चितपणे सांगता येते, याची सिद्धता. राहणार कारवांचीवाडी, रत्नागिरी.

ही सिद्धता जगात मोजक्या लोकांना कळते, असं सर अभिमानानं सांगत. उरलेल्या जगाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांची बायको नम्रता उरलेल्या जगात मोडत असे.

सरांनी घर बांधलं ते कातळावर. वारा उत्तम, सूर्यास्त उत्तम, पाणी टँकरचं. दोन उन्हाळे नम्रतानं पिंपं भरभरून काढले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिनं शांतपणे सांगितलं, की आता बोअर मारा. एकच मारणं जमेल, आणि पाणी लागलं नाही तर ती सरळ पूर्णगडला आईकडे जाऊन राहील. पॉइंट काढायला दादू पाणाड्याला बोलवावं, असंही सुचवलं. दादू तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीवरून फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्यावर सरांनी विज्ञान, अंधश्रद्धा आणि कोकणी माणूस असा पूर्ण तास घेतला.

भांडी घासता घासता नम्रता म्हणाली, "मग तुम्हीच सांगा. तुमचं सगळं गणित पोटात काय आहे त्याचंच ना?"

हा टोमणा होता. सरांना तो सन्मान वाटला.

ओळखीच्या एका प्राध्यापकाकडून त्यांनी जमिनीत वीज सोडून मोजमाप घ्यायचं यंत्र आणलं. सरांच्या सिद्धांताला वायर जोडली जाण्याची ही पहिलीच वेळ. यंत्राच्या सळ्या काही कातळात धड शिरेनात. यंत्र देणाऱ्यानं बजावलं होतं, की सळीच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओता, म्हणजे वीज नीट उतरते. पण तांब्याभर ओतणं हे प्रयोगशाळेतल्या किरकोळ माणसांचं काम. सरांच्या प्रमेयाला संपर्क लागतो तो संपूर्ण पृष्ठभागावर. म्हणून त्यांनी टँकरच्या पाण्यात मीठ कालवून अख्खं आवार भिजवलं. आवाराला उतार आहे. पाणी प्रमेयाला न विचारता कुंपणाच्या कोपऱ्यात गेलं आणि जांभ्याच्या भोकांत मुरलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रानं त्या कोपऱ्यात पाणी दाखवलं. भरपूर दाखवलं. सरांनी तिथे चुन्याची फुली मारली.

"अहो, ते आपलंच पाणी आहे. काल तुम्हीच ओतलंत," नम्रता म्हणाली.

सरांनी समजावलं, की मोजमापात थोडाफार गोंगाट असायचाच, तो गणितात धरलेला असतो. तीन पिंपं पाणी वाया घालवलं की त्याला गोंगाट म्हणतात, हे नम्रताला त्या दिवशी कळलं.

बोअरवाला नितेश आला, फुलीवर मशीन लावलं. सुरुवातीलाच ओली लाल माती वर आली, तेव्हा सरांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू समोर सत्कार समिती बसलीय. नम्रतानं चिमूटभर माती जिभेला लावली. खारट होती. ती काही बोलली नाही. ते सरांनी संमतीत धरलं.

त्यानंतर फक्त धूळ. नितेश तोंडावरचा रुमाल खाली करून म्हणाला, "सर, काय खरं दिसत नाय. थांबू?"

"प्रमेयात खोलीची अट नाही," सर म्हणाले. "चालू ठेव."

पाइप संपले तेव्हा नितेश थांबला. नम्रता तोवर बॅग भरत होती. स्टँडवर सोडायला सर गेले नाहीत, कारण ते लिहायला बसले होते. 'ओला पृष्ठस्तर असताना अंतर्भागाच्या निर्धारणातील अस्थिरता' हा त्यांचा शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकानं कौतुकानं छापला. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर सरांच्या परिचयात आता एक ओळ वाढली आहे: कोकणातील भूजल सर्वेक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव.

नम्रता पूर्णगडला आईकडे राहते. तिथे विहीर आहे.