उमरेडला गेलेले चार गुडघे

या, अशा जवळ बसा. चोरासारखे दारात काय उभे? आणि गालातला तो खर्रा आधी थुंकून या बरं. तंबाखूचा वास घेऊन माझ्या नंदोयांची, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याची, गोष्ट ऐकता येत नाही. का, ते पुढे कळेलच.

माझ्या नंदोयांइतका मोकळा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. मूळव्याधीच्या ऑपरेशनचं साग्रसंगीत वर्णन त्यांनी पुतणीच्या साक्षगंधात, भर पंगतीत केलं, तेही कढी वाढणाऱ्याला हाताने थांबवून. सकाळी त्यांचं पोट साफ झालं की नाही, हे हुडकेश्वरच्या त्यांच्या गल्लीत दूधवाल्यालासुद्धा ठाऊक असतं. "वहिनी, शरीर आहे, त्याच्यात लाजाचं काय?" हे त्यांचं आवडतं वाक्य. असा हा माणूस एका बाबतीत मात्र तोंडाला कुलूप लावून बसला.

झालं असं, की ऐन डिसेंबरात त्यांनी आपली गादी उचलून हॉलमध्ये नेली. कारण काय, तर कूलरचा आवाज सहन होत नाही. डिसेंबरात! कूलर तेव्हा माळ्यावर गोधडी पांघरून पडलेला. माझी नणंद महाल वस्तीत माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. "वहिनी, त्यायले माहा कंटाळा आला वं. मी खोलीत गेली का पेपर घेऊन उठते. काहून उठता म्हणलं, तर माह्यावरच खेकसते."

"अवं, या वयात कंटाळा यायले नवीन काय पाहून राहिले ते? दुसरंच काही असन," मी म्हटलं.

मग तिने पिशवीतून सहा पुड्या काढल्या. माळा झाडताना कूलरच्या टाकीत सापडलेल्या. रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीवाल्याचा माल. प्रत्येक पुडीवर सिंह. आता मी साठी ओलांडलेली बाई, मला बोलायला लाज वाटत नाही: पुरुषाला ताठरता येईनाशी झाली, की आपल्याकडे त्यावर फक्त भिंती बोलतात. निराश होऊ नका, भेटा, शंभर टक्के खात्री. घरात कोणी बोलत नाही, आणि भिंतीला शुगर तपासता येत नाही. नंदोयांना त्या सिंहाने काय दिलं, तर डोकेदुखी आणि तांबडंलाल तोंड. त्यात नणंदेच्या मनाने घेतलंच, की आपला संसार आता आटोपला.

मी नंदोयांना बोलावून एवढंच म्हटलं, "जवाईबुवा, पुड्या सापडल्या. डॉक्टरकडे जा." खुर्चीतून उठून ते सरळ निघालेच. पण नागपुरात नाही! इथे कोणी पाहिलं तर? म्हणून एसटीने उमरेडला. दवाखान्यात शिरतात तो काय, बाकावर त्यांचे व्याही! सख्ख्या मुलीचे सासरे, तेही नागपूरचेच, तेही त्याच अकलेने आलेले.

"तुम्ही इकडं कसे?"

"गुडघा. अन् तुम्ही?"

"माहाही गुडघाच."

नंबर आला, तेव्हा व्याहीमान आडवा आला. "आधी तुम्ही." "छे, मुलीकडचे आम्ही, मान तुमचा." "आज आमच्याकडून तुम्हाले." दोघांनाही वाटे, दुसरा आत जाऊन निघून गेला की आपण बोलू. पंधरा मिनिटं ही मानपानाची लढाई चालली. शेवटी कंपाउंडरने वैतागून दोघांनाही एकदमच आत ढकललं. आत डॉक्टरीणबाई. तिने चारही गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, गुडघ्यासाठी नागपूर सोडून कोणी उमरेडले येत नाही. शुगर कधी तपासली? खर्रा दिवसातून किती?"

नंदोई म्हणतात, गुडघे तिथेच बरे झाले. मग बाईने समजावलं: हे दुखणं बहुतेक वेळा रक्ताच्या नळ्यांचं असतं. शुगर, बीपी, तंबाखू त्या नळ्या खराब करतात. त्यातल्या बारीक नळ्या आधी बोलतात, हृदयाच्या मागाहून. कधी काळजीने होतं, कधी एखाद्या औषधानेही. म्हणून आधी तपासणी. पुड्या फेका; त्यात काय मिसळलंय कोणालाच माहीत नसतं, आणि छातीच्या गोळ्या चालू असतील तर जीवावर बेतू शकतं. रोज चाला. "आणि बायकोले सांगा, ती वैरी नाही."

मग व्याही हळूच म्हणाले, "बाई, यायले सांगितलं ते मले वेगळं सांगू नका. समजलं."

शुगर चांगलीच वाढलेली निघाली. आता नंदोयांचा खर्रा बंद, गोळ्या वेळेवर, संध्याकाळी जोडीने फेरफटका. शुगरचा आकडा भाजीवालीलाही पाठ झालाय. गादी खोलीत परत गेली. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. ते मात्र सांगायला निघालेच होते, तेवढ्यात नणंदेने चिमटा काढला. तिला असं खुदकन हसताना मी किती दिवसांनी पाहिलं!

आमच्या ह्यांनीही एका थंडीत बाहेरच्या खोलीत बाज टाकली होती. म्हणाले, माझ्या खोकल्याने तुझी झोपमोड नको. खोकला काही मला ऐकू आला नाही. मी रुसले, विचारलं नाही. दोन वर्षांनी छातीत कळ आली आणि गेले. तेच होतं की आणखी काही, आता कोण सांगणार? पण "काय होऊन राहिलं तुम्हाले?" एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

म्हणून म्हणते, गादी हलवायच्या आधी माझ्याकडे या. दोघंही या, आणि लवकर या. चहा ठेवते. गुडघ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.