मंगलाचं काम तपासायला पनागरला

मंगलाचं काम कच्चं आहे, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून पनागरला गेली.

आमचं काम म्हणजे ट्रकवाल्यांना एचआयव्हीपासून कसं वाचायचं ते सांगायचं. मी रांझीच्या नाक्यावर आठ वर्षं करून राहिली, मंगला पनागरच्या भाजीमंडीत दोन वर्षं. तरी आमच्या संस्थेच्या सरांच्या तोंडी सारखं मंगला, मंगला. यंदा त्यांनी ठरवलं, एकीनं दुसरीच्या इलाक्यात जाऊन तपासायचं. जिची पद्धत बरी निघेल, ती दोन्हीकडं चालणार. हातात दहा प्रश्नांचा फॉर्म दिला.

रांझीहून आधारतालपर्यंत ऑटो, तिथून बस. सकाळी आठच्या आत निघा, नाही तर उभ्यानं जावं लागते. थंडीत जाल तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला वाटाण्याची शेतं दिसतात. मंडीबाहेर पोहे-जलेबी, तीस रुपयांत पोट भरते. चांगले होते पोहे. मला तेही खुपलं.

मंगला हमाल-ड्रायव्हरांसोबत पोत्यावर बसून वाटाणे सोलत होती. चार्ट नाही, भाषण नाही.

"या शोभाताई, बसा. सोला थोडे."

"मी तपासायला आली, सोलायला नाही."

एका ड्रायव्हरला विचारलं, "बीमारी फैलने के चार रास्ते बताओ."

"दीदी, दो ही याद हैं."

"और मच्छर?" मागून एक बोलला. सगळे हसले. मी फुली मारली. सगळा फॉर्म विचारून झाला, दहातली चारच उत्तरं बरोबर! माझे रांझीवाले दहाच्या दहा झोपेत सांगतात, मीच घोकून घेतली आहेत. जिवाला बरं वाटलं.

मग तोच ड्रायव्हर उठला. पंक्चरच्या दुकानात टांगलेल्या डब्यातून सगळ्यांसमोर कंडोमची पाकिटं काढून खिशात घातली. "मंगलादीदी, डब्बा खाली हो रहा है. और घरवाली को लाया हूँ, दोनों की जांच करवा दो."

ट्रकमधून बाई उतरली, डोईवर पदर. मंगलानं तिचा हात धरला. आठ वर्षांत माझ्याकडं कोणी बायको आणली नाही.

"तुझ्याकडं काहून आणतात गं?" मी विचारलं.

"मी काही म्हणत नाही, ताई. ते बोलतात, मी ऐकते. एक पाकीट घेतो, ते दुसरा पाहतो."

पाकीट घेतो का, हा प्रश्नच फॉर्मात नव्हता. बसमध्ये फुल्या मोजत बसली. फॉर्म असाच दिला तर मंगलाची पद्धत गेली. खोटं तर काहीच नव्हतं त्यात.

दुसऱ्या दिवशी माझ्या नाक्यावर रामदीन ड्रायव्हरला धरलं. उत्तर द्यायला नेहमी पहिला. "पिछले फेरे में कंडोम लगाया था?"

"दीदी, पहला रास्ता..."

"रास्ता नहीं पूछा!"

तो चपलेनं माती उकरू लागला. "पाकिट मांगने में शरम आती है, दीदी. आप मास्टरनी जैसी हो."

घरी येऊन फॉर्मामागच्या कोऱ्या जागेत दोन्ही गोष्टी लिहिल्या, पाकिटांची बी आणि रामदीनची बी. माझं अक्षर वाकडं, चौथीपर्यंतचं. सरांनी दोनदा वाचलं.

"शोभाताई, यानं तुमचीच पद्धत जाईल."

"जाऊ द्या. मी लिहिलं ते मलाबी वाचता येते, सर."

आता मंगळवारी मंगला माझ्या नाक्यावर येणार, मला शिकवायला. जळफळाट आहे तो आहेच. शिकून घेईन. चहा मात्र तिनं तिच्या पैशानं घ्यावा.