पांदीतली पावलं

गाव ऊसतोडीला गेलं की शेतांमधल्या पांदीची वाट माझ्या एकटीची. रोज संध्याकाळी बाभळीची फांदी ओढून मी तिथला फुफाटा सपाट करायचे. जुन्या खुणा पुसल्या जायच्या आणि सकाळी पळाल्यावर पावलांतलं अंतर मोजता यायचं. आजवर अनवाणीच पळायचे; परभणीच्या शर्यतीत बक्षीस मिळालेले बूट पहिल्यांदा घालून पळाले, तेव्हा ते घोट्याला चावत होते. मोजायला वाकले, तर बुटांच्या ठशांशेजारी अनवाणी पावलं उमटलेली. करंगळी माझ्यासारखीच बाहेर वळलेली.

पांदीच्या तोंडाशी गोवऱ्या थापत बसलेल्या काकूला विचारलं, "माझ्यामागं कोन पळालं का?"

"न्हाई. तू एकलीच व्हतीस की."

मी परत जाऊन दोन्ही अंतरं मोजली. अनवाणी ढांग माझ्या ढांगेहून वीतभर लांब भरली.