पाच नावं, तीन गावं

राजेश्री सिस्टर कामाला चोख. आपल्याकडे चोख माणसाच्या वाट्याला काम जास्त आणि चौकशी कमी येते, तसंच तिचंही होतं. परभणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर चार गावं सांभाळून तिला एकोणीस वर्षं झाली. आधी रजिस्टर होतं. जुलाबाचे दोन रोगी दिसले की ती सरळ डॉक्टरांना फोन लावायची. मग सगळं मोबाइलवर आलं. ताप, जुलाब, कावीळ रोजच्या रोज गाववार भरायचं. काहीच नसलं तर 'निरंक' भरायचं, पण भरायचंच. आता फोन करू नका, वर आपोआप दिसतं, असा निरोप आला. एका गावात एका दिवशी पाच रोगी निघाले की जिल्ह्याच्या पडद्यावर ते गाव लाल व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडी, डॉक्टर, पाणी तपासणारा असं सगळं पथक हजर व्हायचं. तिनं एकदा हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिला ते मनापासून आवडलं होतं.

मागच्या फेब्रुवारीत पेडगावच्या पुढं, तूर निघालेल्या रानात येडबा धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. खतासाठी शेतकरी अशा मेंढ्या बसवून घेतातच, दरवर्षीचंच ते. राजेश्री फेरीवर गेली तर पालांत पाच जण जुलाबानं आडवे. कालव्यात साचलेलं पाणी प्यायले होते. त्यांच्यात येडबाची बायको मनकर्णाबाई होती. ती उठून बसली, पदर सारखा केला आणि हसलीसुद्धा. राजेश्रीनं ओआरएसची पाकिटं दिली, आधार कार्डं मागून पाची नावं लिहून घेतली आणि नेहमीसारखं म्हणाली, "वर कळवते. गाडी येईल."

दुपारी तिनं पाची नावं भरली. गाव कुठलं, असं मोबाइलनं विचारलं. लसीकरणात वर्षानुवर्षं एकच पाठ दिलेला होता: माणूस आज कुठंही असो, नोंद राहत्या गावावर, नाहीतर दोनदा मोजला जातो. तिनं आधार कार्डावरची गावं टाकली. दोघं पूर्णेकडचे, दोघं सेलूकडचे, एक जिंतूरकडचा. पाच जण तीन तालुक्यांत वाटले गेले. लाल काही झालं नाही. तिकडच्या नर्सबायांनी घरं शोधली, कुलपं पाहिली आणि 'आढळले नाही' असं लिहिलं. पेडगावकडच्या तिच्या गावांपुढं तिनं त्या दिवशी 'निरंक' भरलं. तिचा हिशोब तिच्या दृष्टीनं बरोबर होता.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई गेली. ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात आणेपर्यंत काही राहिलं नव्हतं.

चौकशी झाली. कागद आला, त्यात 'प्रणालीतील उणीव' असं होतं. राजेश्रीचं नावच नव्हतं. उलट मार्चअखेर वेळेवर शंभर टक्के अहवाल देणाऱ्यांत तिला प्रमाणपत्र मिळालं. तिनं ते घेतलं, फोटोत उभी राहिली, घरी येऊन कपाटात टाकलं. तिला काहीच वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही, याचंच तिला कधी कधी नवल वाटे. नवरा परमेश्वर विचारायचा, "जेवलीस का?" ती हो म्हणायची आणि खरंच जेवली की नाही हे तिला आठवायचं नाही. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, निरंक भरलं. वर्ष सरलं.

यंदा जानेवारीत जिल्ह्याला बैठक बसली. आजारांची माहिती आता खासगी दवाखाने, पाणीपुरवठा, जनावरांचे डॉक्टर अशी सगळ्यांनी एकाच ठिकाणी द्यायची, त्याची आखणी करायची होती. कुणी काय भरायचं, कुणाला काय दिसायचं, यावर दोन तास गेले. साथरोगाचे डॉक्टर बोलत होते आणि ऑपरेटर हरिओम लॅपटॉपवर टिपून घेत होता. फील्डवरच्यांनी काही सुचवायचं असेल तर सुचवा, असं झालं तेव्हा राजेश्री उभी राहिली.

"राहतं गाव आणि सध्याचा मुक्काम, असे दोन रकाने पाहिजेत सर."

"उत्तम. हरिओम, घे लिहून."

"मागच्या वर्षी जी बाई गेली, तिची नोंद मी केली होती. मला माहीत होतं ती कुठं आहे. मी तिला स्वतः पाहिलं होतं."

डॉक्टर माणूस चांगला होता. मवाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, कुणाचं वैयक्तिक नको. आपण सिस्टीमचं बोलू." हरिओमनं लिहिलं: मुक्कामाचा रकाना वाढवणे. मग चहा आला.

सांगायचं ते सांगूनही कुणी घेतलं नाही. आता ऐकून घेणारा एकच माणूस उरला होता, मनकर्णाबाईचा नवरा. फेब्रुवारीत मेंढ्या पुन्हा त्याच शिवारात आल्याचं कळलं, तशी ती स्कूटी घेऊन निघाली. त्यानं शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, एवढीच तिची इच्छा होती.

येडबा बांधावर बसून लोकर कातरत होता. त्यानं घोंगडी झटकून तिला बसायला दिली. ती उभीच राहिली आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं: आधार कार्डं, तीन तालुके, निरंक. "बाबा, मी गाव चुकीचं टाकलं. म्हणून गाडी आली नाही."

येडबानं कात्री खाली ठेवली.

"आमाला काय कळतंय बाई त्यातलं," तो म्हणाला. "माझा भाऊ टेम्पो आनाया निघाला व्हता त्याच दिशी. परभनीला नेतो म्हनला. हिनंच न्हाई म्हनलं. बाईनं नावं लिवून नेल्यात, गाडी येनारच हाय, आपुन न्हाई घावलो तर वापस जाईल म्हनली. दोन दिस रस्त्याकडं तोंड करून पडली व्हती. तुमच्या लिवन्यावर लय भरोसा व्हता तिचा."

त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. बायकोची आठवण सांगावी तसं सांगितलं आणि कात्री पुन्हा हातात घेतली. राजेश्री घोंगडीवर बसली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला रडू आलं.