पट्ट्यांमागच्या सासूबाई

टीव्ही उघडा राहिला तर त्याला सर्दी होते, असं माझ्या सासूबाईंचं मत आहे. आमच्याकडे मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, रिमोट तर कायम प्लॅस्टिकच्या पिशवीत! त्यामुळे टीव्हीचं कव्हर फाटलं तेव्हा नवं शिवायचं काम माझ्यावर आलं. (मी शिवणक्लास केलाय. अर्धा.)

आता कव्हरवर काय, तर मोर नाहीतर गुलाब. ह्यॅ! मला लहानपणीचे टीव्हीवरचे उभे रंगीत पट्टे आठवले, कार्यक्रम नसला की दिसायचे ते. लगेच उल्हासनगर गाठलं, सॅटिनचे तुकडे घेतले. "भाभी, शाइन देखो, एकदम टीव्ही!" दुकानदार म्हणाला. त्याच्या तोंडात साखर पडली म्हणायची! पट्टे जोडले, मागून इलॅस्टिक घालून कव्हर स्क्रीनवर ताणून बसवलं. रिमोट चालावा म्हणून खालचा दिवा तेवढा उघडा.

त्याच रविवारी दुपारी आई, म्हणजे सासूबाई, लोकल केबलच्या चॅनेलवर वालाचं बिरडं करताना दिसणार होत्या. खरं तर बिरड्याचं नुसतं निमित्त. शूटिंगला त्या नवी पैठणी नेसल्या होत्या आणि तिचा रंग कुणालाही सांगितला नव्हता. "तुझ्याकडे नेसण्यासारखं आहेच काय?" असं त्यांच्या मोठ्या जाऊबाई एकदा म्हणाल्या होत्या ना! त्या माईंना खास सोनिवलीहून बोलावलं होतं.

कार्यक्रमाआधी सगळ्यांसमोर थाटात कव्हर काढायचं, असा माझा बेत होता. पण आमचं अर्धं पालेगाव हॉलमध्ये घुसलं, मी भजी तळायला लागले आणि कव्हर डोक्यातून साफ उडालं. तेवढ्यात बाहेरून अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, हाक आली.

"सूनबाई, आवाज येतोय, पण चित्र नाही! नुसते रंगीत पट्टे!"

"सिग्नल गेलाय अप्पा!" मी झारा हलवत आतूनच निदान केलं. "ह्यांना गच्चीवर पाठवा, वायर हलवायला!"

"टीव्हीला दोन थापट्या मारू का?"

"खबरदार हात लावाल तर!" आई कडाडल्या.

हे गच्चीवरून ओरडतायत, "आली का आई?" खालून सगळी बिल्डिंग, "नाही आली!" केबलवाला फोनवर शपथेवर सांगतोय, "इथून सगळं ओके आहे." आणि टीव्हीतून आईंचा गोड आवाज, "आता माझ्या पदराकडे... आपलं, वालांकडे बघा!"

"रंग छान आहे हो पदराचा," माई पट्ट्यांकडे बघत म्हणाल्या. आईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात लाईट गेली. (आमच्या अंबरनाथला ती पाहुणे बघूनच जाते.) पंखा थांबला, आईंचा आवाज थांबला. पट्टे मात्र जागच्या जागी! सगळे आ वासून बघतायत. मी भज्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि ते अप्पांच्या हातात कोंबून टीव्हीकडे धावले.

"अगंबाई! कव्हर!"

कार्यक्रम पुढच्या रविवारी पुन्हा दाखवणार होते म्हणून मी वाचले. आईंनी पैठणी कपाटात, कव्हर माळ्यावर आणि मला बदलापूरला माहेरी पाठवलं. "तिथूनच बघ," म्हणाल्या.

रविवारी माहेरी टीव्ही लावला. पट्टे!

"थांब गं, मला माहितीये यातलं!" असं माझ्या आईला म्हणत मी उठले आणि स्क्रीनचा कोपरा नखांनी खरवडायला लागले.

"काय करतेस?"

"कव्हर काढतेय!"

"अगं, आमच्या टीव्हीला कव्हर नाहीये."

बदलापुरात सिग्नल खरंच गेला होता! तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "दिसले ना गं? माईंची तर बोलतीच बंद! तुला कसा वाटला रंग?"

खरं सांगायची काय बिशाद! मी समोरच्या पट्ट्यांकडे बघून ठोकून दिलं, "अय्या आई, पिवळी, आकाशी, हिरवी... काय खुलून दिसत होती!"

"माझी पैठणी वांगी रंगाची आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परत आल्या आल्या त्यांनी मला नवं कव्हर शिवायला सांगितलंय. माझ्या तोंडासाठी.